शब्दचर्चा: अवघड, चिवट, जाचक… आणि 'फेअर'ला काय म्हणायचं?

मूळ प्रश्न, जुळे सोलापूरहून

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आम्ही मामा-भाचे 'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम खेळतो आणि त्याला त्यावर मराठीत लिहायचंय. पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली. त्याला म्हणायचं होतं की यातल्या लढाया हार्ड आहेत, पण अनफेअर नाहीत. त्यानं लिहिलं, 'लढाया कठीण असल्या तरी अन्यायकारक नाहीत.' वाचून वाटलं, कामगार न्यायालयाचा निकाल लागलाय.

दोन उदाहरणं देतो. 'एल्डन रिंग'मध्ये मोकळ्या माळावर पाऊल टाकलं की समोरच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. नवखा खेळाडू त्याच्यावर चालून जातो आणि दोन-तीन फटक्यांत आडवा होतो. पण त्याला वळसा घालून पुढं जाता येतं. आपलाही घोडा मिळवून, हत्यार सुधारून परत येऊन हिशेब चुकता करता येतो. आता दुसरं, 'स्कायरिम' (2011) हा गेम. त्यात नंतर आलेली 'लेजंडरी' ही सगळ्यात अवघड पातळी निवडली की आपला घाव पाव होतो आणि समोरच्याचा तिप्पट. शत्रू नवीन काहीच शिकलेला नसतो. तोच लांडगा, तोच दरोडेखोर, फक्त लवकर मरत नाही. दोन्हीला 'अवघड' म्हटलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

विजापूर रोडवरून

दुसऱ्याला सरळ 'चिवट' म्हणा. मटण नीट शिजलं नाही की चिवट लागतं. ते खायला अक्कल लागत नाही, नुसता जबडा दुखतो. 'लेजंडरी'तला लांडगा तसाच. गंमत अशी की हाच शब्द माणसाला लावला तर कौतुक होतं: चिवट फलंदाज, चिवट झुंज. म्हणजे खेळाडू चिवट असला तर शाबासकी, शत्रू नुसताच चिवट असला तर गेम बनवणाऱ्याचा आळस.

'कठीण' आणि 'अवघड' यांतही फरक करा. 'कठीण' मुळात टणक, म्हणून नारळाची करवंटी कठीण असते. 'अवघड' मात्र अंगाला जाऊन भिडतं. मांडी घालून बसलं की पाय अवघडतात, अनोळखी घरात अवघडल्यासारखं होतं. अवघड गोष्टीत आपली जागा नीट बसत नाही, ती बसली की अवघडलेपण जातं. घोडेस्वाराला 'अवघड' शोभतं.

अशोक चौकातून

आमच्या पूर्व भागात हा प्रश्नच पडत नाही ओ. मी घरी तेलुगू बोलतो, शेजारी कन्नड, शाळा मराठी. गेममधल्या बॉसनं, म्हणजे मोठ्या शत्रूनं, सात वेळा मारलं की माझ्या तोंडून येतं, 'चाला कष्टम'. शेजारचा म्हणतो, 'भाळ कष्ट'. दोघांच्याही भाषेत कष्ट म्हणजे अवघड. मराठीत तोच संस्कृत शब्द, पण त्याचा अर्थ झाला मेहनत. लहानपणी बाईंनी वहीत 'गणित फार कष्ट आहे' हे वाक्य लाल शाईनं खोडलं होतं. आता वाटतं, मी फार चुकलो नव्हतो. जे अवघड आहे आणि मेहनतीनं सुटतं, त्याला तुमच्याकडं एक शब्द नाही, आमच्या चुकीत तो होता!

अजून एक. वडील पॉवरलूमवर होते. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कुठं तुटला ते लगेच दिसतं, जोडून पुढं जायचं. साध्या मागावर उभा धागा तुटला तर माग तसाच चालत राहतो, आणि तागा उतरवल्यावर खोट दिसते. गेम पहिल्यासारखा असावा. मेलो तर कुठं चुकलो ते दिसलं पाहिजे.

होटगी रोडवरून

'अनफेअर'ला आपल्याकडं 'रडीचा डाव' आहेच की.

मूळ प्रश्नकर्ता

आधी मीही तेच म्हटलं. पण रडी कोण खेळतं? जो हरतोय तो. आउट झाला तरी बॅट न सोडणारा. गेम आपल्याला हरवत असताना त्यानं रडीचा डाव खेळला असं म्हणणं कानाला खटकतं. उलट भाच्यानं उंच कड्यावर उभं राहून खालच्या राक्षसाला अर्धा तास बाण मारले, ती खरी रडी. (मारला एकदाचा. मी काही बोललो नाही.)

सात रस्त्यावरून

शाळेत खो-खो खेळलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. 'हुलकावणी' आणि 'दगा' हे दोन शब्द वेगळे ठेवा. 'एल्डन रिंग'मधला मार्गिट काठी उगारतो आणि खाली आणतच नाही. आपण घाईनं बाजूला उडी घेतली की मग हाणतो. नवे खेळाडू याला फसवणूक म्हणतात. काय बे फसवणूक? ती हूल आहे! खो-खोत पळणारा हूल देतो तेव्हा कुणी पंचाकडं जातं का? दोनदा फसलात की तिसऱ्यांदा खांदा बघून कळतं.

दगा बघायचा तर 'पर्सोना 3' (2006). तिथं एका मंत्रात माणूस गार होऊ शकतो, आणि नायक पडला की खेळ संपला. बाकीचे तिघं धडधाकट उभे असले तरी! सोबत्यांना उठवायची औषधं खिशात असतात, पण आपल्याला कुणी उठवत नाही. कप्तान बाद म्हणून अख्खा संघ बाद, हा कुठला नियम?

नव्या पेठेतून

मग 'एल्डन रिंग'मधली ती मलेनिया, तिला काय म्हणायचं? तिचा वार आपण ढालीवर झेलला तरी तिचा जीव भरून येतो. ढाल धरून खेळायला शिकवलंत, आणि इथं येऊन ढाल धरल्याची शिक्षा. मला हा 'जाच' वाटतो. जाचक अटी असतात ना कर्जाच्या, तशा.

सात रस्त्यावरून

जाच नाही ओ ताई. अट उघडपणे सांगितलेली आहे, पहिल्याच वाराला तिचा जीव वाढताना दिसतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर रिंग टाकायचा स्टॉल असतो, आठवतोय? रिंग वस्तूवरून जेमतेम जाईल एवढीच, आणि ते पैसे दिल्यावर कळतं. जाच तो.

नव्या पेठेतून

कर्जाच्या अटीही कागदावर छापलेल्याच असतात, दादा.

मुरारजी पेठेतून

मधेच बोलतो. 'येरे माझ्या मागल्या' हा वाक्प्रचार कुणी घेतला नाही. 2006 चा 'ऑब्लिव्हियन' गेम आठवा. आपण जसजसे तयार होतो तसतसे शत्रूही तयार होतात. पुढं पुढं तर रस्त्यावरचा लुटारू काचेचं महागडं चिलखत घालून शंभर मोहरा मागतो. अहो, ते चिलखत विकून टाक की! हे अवघडही नाही आणि जाचकही नाही. कमावलेलं मातीत गेल्यासारखं वाटतं, एवढंच.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, तुम्ही दोघांनी मला अडकवलंत. रात्री एक मात्र सुचलं. आपण विशेषणं शोधत बसलो, फरक क्रियापदात आहे. कष्ट आपण 'घेतो', त्रास 'होतो', जाच 'सोसतो'. 'डार्क सोल्स'मध्ये (2011) मेलं की साठवलेले सगळे सोल्स, म्हणजे शत्रू मारून केलेली कमाई, मेलेल्या जागीच पडतात, आणि तिथवर पोचायच्या आत पुन्हा मेलं की कायमचे जातात. मी त्याबद्दल बोलताना 'परत आणायला गेलो', 'गमावले', 'घाई केली' असं म्हणतो. सगळ्याचा कर्ता मी. 'पर्सोना'बद्दल म्हणतो, 'मेलो', 'झालं', 'गेलं'. चार दिवस स्वतःचं बोलणं ऐकून बघा. तोंड आधीच निवाडा देऊन मोकळं होतं.

मुरारजी पेठकर, 'कष्टाचं चीज होणं' हा तुमच्या लुटारूवरचा उतारा. ते होत नाही, म्हणून चीड येते.

भाच्याचं वाक्य आता असं आहे: 'लढाया कष्टाच्या आहेत, जाचाच्या नाहीत.' अशोक चौकवाल्या अण्णांचे आभार त्यानं खास मानलेत. मलेनियाच्या परिच्छेदात मात्र विशेषणाची जागा मोकळी सोडलीय. काल रात्रीपर्यंत तिच्याकडून चाळीसदा मेलाय, आणि विचारलं तर नुसतं 'थांब रे मामा' म्हणतो.