लॉर्ड रिपनच्या गावात नगरपालिका कशी चालायची?

आडवाटेचा_वाटसरू: स्पर्धा परीक्षेसाठी सगळ्यांनीच घोकलंय: १८ मे १८८२ चा ठराव, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन, भारतातल्या स्थानिक स्वराज्याचे जनक. परवा कळलं की 'रिपन' हे आडनाव नव्हेच. साहेबांचं आडनाव रॉबिन्सन, आणि रिपन हे इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं बाजाराचं गाव. मग १९०५-१० च्या सुमारास त्या गावात कारभार कसा चालायचा? गटार तुंबलं तर माणूस कुणाकडे जायचा? कायद्याची कलमं नकोत, रोजचं सांगा.

निवृत्त_हेडक्लार्क: पस्तीस वर्षं नगरपालिकेत टेबल सांभाळलंय. लेक लीड्सला होती तेव्हा जवळचे फाउंटन्स ॲबी या जुन्या मठाचे प्रसिद्ध अवशेष बाजूला ठेवून मी आधी रिपनचा टाउन हॉल बघायला गेलो. बायको अजून ऐकवते.

कॅथेड्रल आहे म्हणून म्हणायचं 'सिटी'. तेव्हा वस्ती ८ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी ग्रामपंचायत. बाजार गुरुवारी, घंटा वाजवून सुरू करायचा. आणि रोज रात्री ९ ला शिंगवाला चौकातल्या दगडी स्तंभाच्या चारी कोपऱ्यांवर शिंग फुंकणार, मग मेयरपुढे जाऊन सांगणार, पहारा बसला. हे आजही चालतं. मी गेलो तेव्हा भुरभुर होती. तिकोनी टोपीतल्या त्या माणसाने एका कोपऱ्यावर शिंग फुंकलं, तोंड पुसलं आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाला. आमचा शिपाई एका भिंतीवर नोटीस डकवून पुढच्या भिंतीकडे निघायचा, अगदी तसा.

जुन्या काळी हा पहारा 'वेकमन' नावाच्या अधिकाऱ्याकडे असायचा. घराच्या दारामागे पट्टी घ्यायची आणि रात्री चोरी झाली तर त्यातून भरपाई द्यायची. दोन दारं असली की पट्टी दुप्पट! १६०४ साली वेकमन गेला, मेयर आला.

तुम्ही म्हणता त्या काळात १ नोव्हेंबरला निवडणूक व्हायची, दर वर्षी एक तृतीयांश नगरसेवकांची. मग ९ तारखेला नगरसेवक आणि आल्डरमन (नगरसेवकांनीच निवडलेले ज्येष्ठ सदस्य) मिळून वर्षभरासाठी मेयर निवडायचे. मेयर येणार नि जाणार, टाउन क्लार्क, म्हणजे पालिकेचा मुख्य पगारी अधिकारी, मात्र जागेवर. कागद कुठल्या कपाटात आहे हे त्यालाच ठाऊक. खुद्द लॉर्ड रिपन व्हाइसरॉयकी संपवून परतल्यावर १८९५-९६ ला इथले मेयर झाले होते.

गटाराचं म्हणाल तर 'इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस', म्हणजे सरळ 'उपद्रव निरीक्षक', नावाचा अधिकारी असायचा. उकिरडा, डुकरं, तुंबलेली मोरी, सगळं त्याच्याकडे. असं स्पष्ट नाव आमच्या स्वच्छता निरीक्षकाला हवं होतं.

सुगरण_नाशिक: काका, बायकांना मत होतं का?

निवृत्त_हेडक्लार्क: होतं, अर्धंमुर्धं. घरपट्टी स्वतःच्या नावावर भरणाऱ्या अविवाहित बाईला किंवा विधवेला १८६९ पासून नगरपालिकेपुरतं मत. लग्न झालं की गेलं. निवडून यायची मुभा १९०७ ला मिळाली, आणि पुढच्याच वर्षी सफोकमधल्या आल्डबरा या छोट्या गावात डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन मेयर झाल्या, इंग्लंडमधल्या पहिल्या.

कट्ट्यावरचा_बंड्या: हे सगळं पट्टी भरणाऱ्यांचं झालं. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याचं काय?

निवृत्त_हेडक्लार्क: त्याचं खातं नगरपालिकेकडे नव्हतंच. गरिबांसाठी 'गार्डियन्स'चं वेगळं मंडळ आणि त्यांचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणारं आश्रयगृह. रिपनचं वर्कहाउस आता संग्रहालय आहे. फिरस्त्यांना एका रात्रीपुरत्या ठेवायच्या खोल्या तिथे बघितल्या. मी दोन्ही हात पसरले तर बोटं भिंतींना टेकतील असं वाटलं. आधी सक्तीची आंघोळ, मग कोंडून घ्यायचं, आणि त्या मुक्कामाचं मोल म्हणून काम करून द्यायचं.

म्हणून मला १ जानेवारी १९०९ ही तारीख मेयरच्या गळ्यातल्या मानाच्या साखळीपेक्षा मोठी वाटते. त्या दिवसापासून सत्तरी गाठलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला ५ शिलिंगपर्यंत पेन्शन मिळू लागली, आणि तीही पोस्टात. गार्डियन्सपुढे उभं राहायला नको. त्यातही मेख होतीच: १९०८ च्या सुरुवातीपासून ज्याने गार्डियन्सची मदत घेतली, त्याला १९१० संपेपर्यंत पेन्शन नाही. म्हणजे जो सगळ्यांत अडलेला, तोच रांगेबाहेर.

आडवाटेचा_वाटसरू: काका, मनापासून आभार. एकच शंका, शिंगाचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकत असतील?

निवृत्त_हेडक्लार्क: मीही तिथे हेच विचारलं. लेकीने भाषांतर करायला नकार दिला.