मदत हवी आहे: पंचवीस वर्षांची टू-सीटर, गोव्याचा पाऊस. झाकून ठेवू की चालवू?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी,

काकांची गाडी गेल्या चवथीपासून माझ्याकडे आली आहे. माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली, २००० सालची, १८३९ सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि हाताने उघडायचा टप. काका २००२ मध्ये इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा सामानाबरोबर ती आणली. स्टिअरिंग उजवीकडे होतं आणि वय तीन वर्षांच्या आत होतं, म्हणून ती येऊ शकली. आता त्यांचे गुडघे त्या खोल सीटमधून उठायला तयार होत नाहीत. किल्ली देताना एकच अट घातली: "उभी करून ठेवणार असशील तर नको नेऊस."

मुख्य प्रश्न हाच आहे. जून ते सप्टेंबर गाडी ताडपत्रीखाली ठेवावी, असं घरचे, शेजारचे आणि आमचा नेहमीचा मेकॅनिकही सांगतो. इथे पावसाळ्यात शंभर-सव्वाशे इंच पाऊस पडतो, हवेत खार आहे, रस्त्यांबद्दल बोलायलाच नको. पटण्यासारखं आहे. पण गेल्या पावसाळ्यात काकांच्या अंगणात ती अशीच झाकलेली होती आणि ताडपत्री काढली तेव्हा सीटबेल्टवर पांढरी बुरशी, बॅटरी मेलेली आणि मागचं डावं चाक जाम. चालवली असती तर यातलं काय झालं असतं? मला वाटतं, काहीच नाही. म्हणून यंदा फोंडा-पणजी ये-जा आठवड्यातून दोन-तीनदा हिनेच करायचा विचार आहे, अगदी धो-धो दिवस सोडून.

शिवाय पैशांचा मुद्दा आहेच. आरसीचं पुढचं नूतनीकरण २०२७ मध्ये. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या आयात केलेल्या चारचाकीला त्यासाठी ८०,००० रुपये फी झाली आहे. पंधरा वर्षांवरच्या आयात गाड्यांना आधी ४०,००० होती. एवढे भरून शेडमध्ये शोभेला ठेवायची असेल तर काकांचंच खरं.

आता तक्रारी.

पाणी आत येतं. टप फाटलेला नाही, मागची काच काचेचीच आहे (पहिल्या पिढीत प्लॅस्टिकची होती), तिची कडाही धड आहे. तरी जोराची सर पडून गेली की सीटच्या मागचा गालिचा उजव्या बाजूला पिळून काढण्याइतका ओला. काचेवरून आत ओघळ दिसत नाही, म्हणजे पाणी वरून येत नाहीये. वळणावर कधीकधी दाराखालच्या उंबऱ्याच्या आतून डचमळल्याचा आवाज येतो. पहिल्यांदा मला तो पेट्रोलच्या टाकीचा वाटला होता. टप बदलून घ्या म्हणून सल्ला मिळाला आहे, पण आकडा ऐकून गप्प बसलो.

क्लच. सकाळी पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज. पेडल दोनदा दाबलं की गिअर सुतासारखा पडतो. डबीतलं तेल थोडं खाली गेलेलं, रंग चहासारखा.

तापमान. गावात, फोंड्याच्या बाजारात, अगदी बाणस्तारीच्या पुलावर अडकलो तरी काटा मध्यावर. पण झुआरीचा नवा पूल ओलांडून वेर्ण्याच्या मोकळ्या रस्त्यावर ८०-९० ने पाच-दहा मिनिटं गेलो की काटा मध्याच्या किंचित वर सरकतो. किंचितच. मेकॅनिक म्हणतो, "एवढं चालतं." पंखा बघितला, व्यवस्थित फिरतो. कूलंट नवीन भरलं आहे. गाडीखालचा काळा प्लॅस्टिकचा ट्रे स्पीडब्रेकरला घासत होता म्हणून मागेच कुणीतरी काढून टाकलाय, बाकी खाली सगळं जागेवर आहे.

पेट्रोल. पंपावर आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं. या गाडीच्या नळ्या त्या काळच्या. काय करता तुम्ही लोक?

टायर १९५/५० आर१५ आहेत, बदलायला आलेत, मिळायला कटकट आहे. त्याबद्दलही कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

साळ नदीकाठी

अंत्रुजकरबाब, टप बदलायचे पैसे खिशातच ठेवा. लक्षणं वाचून टपाचा काही संबंध वाटत नाही.

या गाडीत टपाची मागची कड जिथे बॉडीला मिळते तिथे आतून एक पन्हळ असते. टपावरचं पाणी त्या पन्हळीत उतरतं, दोन्ही टोकांना, म्हणजे सीटबेल्टच्या खांबांच्या मागे, एकेका भोकातून नळीत जातं आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे खाली पडतं. त्या भोकात पाला, धूळ, शेवाळ बसलं की पन्हळ भरते आणि पाणी गालिच्यावर. गाडी आंब्याखाली उभी असायची का? मोहोराच्या काड्यांसारखा गच्च बोळा दुसरा कशाचाच होत नाही.

तपासायला मगभर पाणी पुरे. टप अर्धा उचला, पन्हळीच्या टोकाला पाणी सावकाश ओता, दुसऱ्या कुणाला तरी मागच्या चाकाशी वाकून बघायला सांगा. धार लागली तर मोकळी, थेंबथेंब आलं तर तुंबलेली.

साफ करताना तार घालू नका. सर्व्हिस स्टेशनवाला कंप्रेसरची हवा मारतो म्हणेल, त्यालाही नाही म्हणा. जोराने नळी आतल्या आत जोडावरून सुटते आणि मग सगळं पाणी थेट उंबऱ्याच्या पोकळीत. या गाड्या तिथूनच कुजतात, मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यात. कुळागरात गवत कापायच्या मशीनला नायलॉनची जाड दोरी लावतात, ती घ्या. टोक चटका देऊन गोल करा आणि वरून हलक्या हाताने फिरवत फिरवत घाला.

आता तो डचमळण्याचा आवाज. त्याने मला जास्त काळजी वाटते. उंबऱ्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक फटी असतात. आपल्याकडे दर मे महिन्यात गाडीला खालून काळं अँटीरस्ट कोटिंग मारून घ्यायची पद्धत आहे ना, मारणारा पोरगा त्या फटीही मनापासून बुजवतो. गंज येऊ नये म्हणून पैसे द्यायचे आणि आत टाकी बांधून घ्यायची! जॅकवर चढवा, खालच्या शिवणीवर बोट फिरवत मागच्या चाकाकडे जा, फटी सापडतील. लाकडी काडीने उकरा. पाणी बाहेर आलं तर त्याचा रंग बघा. नितळ असेल तर वेळेत सापडलं. विटकरी असेल तर पत्र्याला बोटाने दाबून बघा.

ताडपत्रीबद्दल: अजिबात नको. जमिनीची वाफ वर येते आणि आतच राहते. वर छप्पर, बाजू मोकळ्या, काचा दोन बोटं उघड्या. नाइलाजाने उभी ठेवायचीच वेळ आली तर हँडब्रेक लावू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. तुमचं डावं चाक त्यामुळेच जाम झालंय. मागच्या कॅलिपरमध्येच (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) हँडब्रेकची यंत्रणा असते, तीच ओलीने धरते. कॅलिपरच्या मागच्या बाजूला एक झाकणाचा बोल्ट आहे, तो काढला की आत ४ एमएम ॲलन की बसते. तिने पिस्टन मागेपुढे होतो. हे माहीत नसलेला मेकॅनिक पिस्टन सी-क्लॅम्पने दाबत बसतो आणि आत काहीतरी मोडतो.

---

चिरेखाण

विकून टाका आणि थार घ्या. टपही मिळतो, खड्डेही कळत नाहीत.

---

उद्यमबाग

मी बेळगावचा, चोर्ला उतरून महिन्यातून एकदा तरी तिकडे येतो. क्लच आणि तापमानावर बोलतो.

क्लच: गिअरबॉक्सच्या बाजूला छोटा स्लेव्ह सिलिंडर असतो, दोन बोल्टांवर. पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने क्लच सोडवतो तो. त्याची रबरी टोपी नखाने उचला. खाली ओलं दिसलं की सील गेलं. या मॉडेलची ही जुनीच खोड आहे, क्लच प्लेटला कुणी हात लावू देऊ नका. दोनदा दाबल्यावर गिअर पडतो याचा अर्थच हा की प्रेशर गळतंय. सिलिंडर बाहेरून मागवता येतो, पण तोवर नुसतं सील बदलून चालतं. आतली नळी गुळगुळीत असेल तरच हं, खड्डे पडले असतील तर नवीन सील महिनाभर टिकेल. हायड्रॉलिकची सीलं आमच्या उद्यमबागेत मापावर मिळतात. जुनं सील घेऊन या. आणि चहाच्या रंगाचं ते तेल आधी बदला, ब्रेकचंही. हे तेल हवेतलं पाणी पितं, आणि तुमच्याकडे हवेत पाण्याशिवाय असतं काय?

तापमान: तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलंय आणि पुढे गेलात. तो काळा ट्रे! तो फक्त चिखल अडवायला नसतो. वेगात जाताना नाकातून घेतलेली हवा रेडिएटरमधूनच जायला हवी. ट्रे नसला की हवा सोपा रस्ता धरते, रेडिएटरखालून सटकते. गावात पंखा हवा ओढतो म्हणून काटा शांत. मोकळ्या रस्त्यावर चढतो म्हणजे एक तर हवेची वाट चुकतेय, नाहीतर रेडिएटर आतून तुंबलाय. पंख्याचा दोष असता तर नेमकं उलटं झालं असतं.

आणि "किंचित वर, एवढं चालतं" हे या गाडीत चालत नाही. काटा मुद्दाम आळशी बनवलेला आहे. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरच बसून राहतो, म्हणजे तो हलला तेव्हा इंजिन आधीच बरंच तापलेलं असतं. हेडची गॅस्केट जायची नसेल तर ट्रे बसेपर्यंत वेर्ण्याला जाऊ नका. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी आहे की तपकिरी-हिरवट झालीय तेही बघा. रंग बदलला असेल तर ती कधीही चिरेल. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते काकांना विचारा. लाख किलोमीटरचा हिशोब बाजूला ठेवा, रबराला वयही असतं. तो बदलताना वॉटर पंप आणि पुढची ऑइल सीलं त्याच खर्चात उरकून घ्या.

ई२०: इंजिन चालतं, सरासरी थोडी कमी मिळते. त्रास उभ्या गाडीला. इथेनॉल ओल ओढून घेतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून आठवडाभर जरी उभी राहणार असेल तरी टाकी भरलेली ठेवा. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या, इंजेक्शनच्या प्रेशरच्या घ्या. साध्या कार्ब्युरेटरच्या नळ्या कुणी गळ्यात मारायला बघेल.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझं मत: चालवा. पण आधी टायर. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपूर्वीचं रबर असेल तर नक्षी कितीही उरलेली असो, पहिल्या पावसात तेलकट रस्त्यावर ही गाडी शेपूट फिरवेल. ट्रॅक्शन कंट्रोल नाही तिला, वजन हजार किलोच्या आसपास. मागे मी अशीच एक हलकी गाडी चोर्ल्याच्या वळणावर फिरताना बघितलीय, नशिबाने आतल्या बाजूला.

---

अंत्रुजकर

साळबाब, उद्यमबागवाले, दोघांनाही देव बरें करूं!

मगाचा प्रयोग केला. डावीकडे धार, उजवीकडे काही नाही. नायलॉनच्या दोरीने काळा चिखल निघाला, त्यात मोहोराच्या काड्या होत्याच, वर एक बाटलीचं बूचही निघालं. आता उजवीकडूनही धार पडते. उंबऱ्याच्या फटी खरोखरच कोटिंगने बुजलेल्या होत्या. उकरल्यावर बरंच पाणी आलं, रंग फिकट तांबूस, पत्रा दाबून बघितला तर कडक आहे. गालिचा काढून उन्हात घातलाय.

स्लेव्ह सिलिंडरच्या टोपीखाली ओल आहे. सील काढून ठेवतो, पुढच्या खेपेला कुठे भेटायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवा. टायर २०१६ चे निघाले, त्यामुळे तो विषय संपला, नवे येईपर्यंत गाडी गावाबाहेर नाही.

ट्रे काकांच्या माळ्यावर सापडला, पण दोन तुकड्यांत आणि पुढचे कान मोडलेले. प्लॅस्टिक वेल्डिंग करू की ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करून घेऊ? पत्र्याचा केला तर स्पीडब्रेकरला घासून खणखणाट होईल अशी भीती आहे.

---

उद्यमबाग

पत्र्याचाच करा, दीड एमएम, पुढची कड वर वळवलेली. जुने तुकडे जोडून त्याचा पुठ्ठ्यावर साचा काढून घ्या. ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टखाली झाकणाची जागा सोडायला सांगा, नाहीतर दर सर्व्हिसला पूर्ण ट्रे उतरवावा लागेल. मागच्या बाजूला रबरी बुशवर बसवा, घासला तरी दणका बॉडीला जाणार नाही. स्पीडब्रेकर तिरका घ्या, एकेक चाक करून. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.