मदत हवी आहे: अपस्माराचे नवे निदान आणि फिरत्या पाळ्यांची नोकरी

नमस्कार.

मी २७ वर्षांची असून वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून काम करते. अलीकडेच मला अपस्माराचे निदान झाले असून न्यूरॉलॉजिस्टनी त्याचा प्रकार जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी (किशोरवयात सुरू होणारा, अचानक झटके आणणारा अपस्मार) असल्याचे सांगितले आहे. एमआरआयमध्ये काही आढळले नाही, मात्र ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीत, दोष स्पष्ट दिसला. सकाळी उठल्यावर तासाभरात हातांना अचानक झटका बसून हातातला ब्रश किंवा कप उडून पडणे हे कॉलेजच्या दिवसांपासून चालू होते आणि घरात त्याला धांदरटपणा म्हटले जायचे. सलग रात्रपाळ्या झाल्यानंतरच्या एका सकाळी मोठी फिट आली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. सध्या लेव्हेटिरॅसिटाम हे औषध सकाळ-संध्याकाळ चालू आहे. व्हॅल्प्रोएट हे दुसरे औषध या प्रकारावर चांगले काम करते, परंतु गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात म्हणून माझ्या वयाचा विचार करून ते टाळल्याचे डॉक्टरांनी समजावून सांगितले.

माझा प्रश्न उपचारांविषयी नसून नोकरीविषयी आहे. आमच्याकडे पहिली पाळी सकाळी सहाला, दुसरी दुपारी दोनला आणि तिसरी रात्री दहाला सुरू होते, आणि पाळी दर आठवड्याला फिरते. ज्यांना ज्यांना मी हे सांगितले त्या प्रत्येकाने 'रात्रपाळी बंद करून घे' एवढाच सल्ला दिला. तो योग्यच आहे. पण मला खरी धास्ती पहिल्या पाळीची वाटते, कारण त्या आठवड्यात कंपनीची बस पहाटे पाचला येते, त्यासाठी चारच्या आत उठावे लागते, झोप अपुरी राहते, आणि झटक्यांची जी वेळ असते नेमक्या त्या वेळी मी फ्यूम हूडसमोर (घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटासमोर) आम्ल मोजत उभी असते. ही गोष्ट सुपरवायझर सरांना कशी पटवून द्यावी हे मला उमगत नाही. रात्रपाळी नको म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिले असतील. सकाळची पाळी नको म्हणणारी व्यक्ती त्यांना केवळ आळशी वाटेल.

आमच्या कामाचे स्वरूपही समजून घ्यावे. प्रत्येक वजन, प्रत्येक नोंद वेळेसह आणि सहीसह लिहावी लागते. एखादी नोंद राहिली, तर तिची कारणमीमांसा लेखी द्यावी लागते, आणि परदेशी नियामकांचे ऑडिट जवळ आले की जनरल शिफ्टची (दिवसाच्या, न फिरणाऱ्या पाळीची) माणसेही रात्री नऊपर्यंत थांबतात. औषधाने सध्या दुपारी गुंगी येते आणि पूर्वी नसलेली चिडचिड जाणवते. यांपैकी कशाचा परिणाम कामावर झाला आणि कारण कोणालाच ठाऊक नसले, तर तो हलगर्जीपणा ठरेल. कारण ठाऊक असले, तर मला प्रयोगशाळेतूनच बाहेर काढतील अशी भीती वाटते. वरिष्ठ विश्लेषक पदासाठी माझे नाव यंदा चर्चेत आहे. शिवाय आमचा विभाग लहान आहे. मी वगळले गेले, तर माझ्या पाळ्या इतरांच्या वाट्याला जातील, आणि त्यांतल्या एका सहकारी बाईंचे मूल अजून वर्षाचेही नाही.

घरी आईचे म्हणणे आहे की स्थळे पाहणे चालू असताना ही गोष्ट कंपनीत सांगणे म्हणजे गावभर दवंडी पिटणे आहे. दादाच्या मते लेखी काहीच देऊ नये. मला दोघांचेही पटत नाही, पण त्यांच्या भीतीला मी निराधारही म्हणू शकत नाही.

तेव्हा कंपनीत हे कोणाला सांगावे, किती सांगावे, डॉक्टरांच्या पत्रात काय लिहून घ्यावे, आणि पहिली पाळीही टाळण्याची मागणी रास्त ठरेल का, यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद: अपस्मारासह नोकरी करणारा एक जण, पुणे

मी एका यंत्रनिर्मिती कारखान्यात नियोजन विभागात आहे आणि बरीच वर्षे औषधांवर आहे. माझ्या अनुभवाने सांगतो की 'सांगावे की सांगू नये' असा एकच प्रश्न समोर ठेवला तर उत्तर सापडत नाही, कारण त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. मी कोणते काम कोणत्या वेळी करू शकत नाही, हे कंपनीला कळायला हवे. आणि मला फिट आली तर काय करायचे, हे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळायला हवे. व्यवस्थापनाला प्रथमोपचार माहीत असून उपयोग नाही आणि सहकाऱ्याला माझा ईईजी पाहण्याचे कारण नाही. ज्याला जेवढे लागते तेवढेच द्यावे.

सहकाऱ्यांपैकी विश्वासाच्या दोघांना सांगा. एकालाच सांगितले, तर नेमका तोच रजेवर असतो. त्यांना सांगायचे ते इतकेच: कुशीवर वळवावे, चष्मा आणि आसपासची काचेची भांडी दूर करावीत, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली तर १०८ ला फोन करावा. कांदा आणि चप्पल हुंगवणारे लोक शिकलेल्या मंडळींतही भेटतात, म्हणून हेही स्पष्ट सांगून ठेवा.

पुण्यात संवेदना हा अपस्मारग्रस्तांचा स्वमदत गट आहे. लग्न आणि नोकरी हे दोन्ही विषय तिथे मोकळेपणाने बोलले जातात. आईंनाही बरोबर नेता आले तर पाहा.

प्रतिसाद: एक सावध वाचक

मी मात्र दादांच्या बाजूचा आहे. मनुष्यबळ विभागाच्या फाइलमध्ये गेलेला कागद पुन्हा बाहेर येत नाही. तुम्ही महिला आहात, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी महिलेला कामावर बोलवायचे तर तिची संमती लागते. ती संमती देऊ नका. आजाराचे नावही न काढता रात्रपाळी टळते.

प्रश्नकर्ती

हा मार्ग मला ठाऊक नव्हता, आभारी आहे. परंतु त्याने तिसरी पाळी टळेल. बरोबर सहाला सुरू होणारी पहिली पाळी मात्र तशीच राहील, आणि माझी अडचण तीच आहे. तसेच फ्यूम हूडसमोर उभे असताना झटका आला, तर इजा केवळ मला होईल असे नाही. तिथे शेजारी काम करणाऱ्या व्यक्तीला अंधारात ठेवणे मला जमणार नाही.

प्रतिसाद: औद्योगिक आरोग्य क्षेत्रातील डॉक्टर

आपली शंका वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. अपस्माराच्या या प्रकारात अपुरी झोप आणि झोपेतून एकदम उठवले जाणे या दोन्हींनी झटके वाढतात, त्यामुळे पहाटे चारचा गजर हा रात्रपाळीइतकाच, काही रुग्णांत तर त्याहून अधिक त्रासदायक ठरतो. तेव्हा मागणी 'रात्रपाळी नको' अशी न करता 'ठरावीक वेळी झोप आणि ठरावीक वेळी औषध शक्य होईल अशी स्थिर पाळी हवी' अशी करावी. जनरल शिफ्ट उत्तम. ती शक्य नसेल, तर कायम दुसरी पाळी चालू शकते, कारण रात्री दहाला सुटून साडेअकराला झोपलेली व्यक्ती सकाळी आठपर्यंत झोपू शकते. विभागाच्या दृष्टीने पाहिले, तर दुसरी पाळी सहसा कोणालाच नको असते. आपण ती कायमची घेतलीत, तर इतरांवर ओझे टाकल्याची आपली खंतही बरीच कमी होईल. सुपरवायझरना हा हिशेब आधी दाखवावा, आजाराचे स्पष्टीकरण त्यानंतर द्यावे.

पत्राविषयी. न्यूरॉलॉजिस्टकडून 'कामास पात्र, पुढील मर्यादांसह' असे प्रमाणपत्र घ्यावे आणि मर्यादा कामाच्या भाषेत लिहून घ्याव्यात. सकाळी आठपूर्वी काम नको, सलग दोन पाळ्या नकोत, उंचीवर चढून काम नको, तीव्र आम्ले व ज्वलनशील द्रावके एकटीने हाताळणे नको, आणि या सर्वांचा फेरविचार सहा महिन्यांनी व्हावा. फेरविचाराची मुदत अवश्य घालावी. मुदत नसलेली मर्यादा कायमची समजली जाते आणि बढतीच्या वेळी आड येते. योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्ण फिटमुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या प्रकारात औषधांना प्रतिसाद चांगला मिळतो, पण ती सहसा दीर्घकाळ, अनेकांना आयुष्यभर घ्यावी लागतात. म्हणून बरे वाटू लागले तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

हे पत्र कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष भेटून द्यावे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने प्रत्येक डॉक्टरवर घातलेले आहे, कंपनीच्या पगारावरील डॉक्टरही त्याला अपवाद नाही. व्यवस्थापनाला त्याने पात्रता आणि मर्यादा कळवाव्यात, एवढे पुरे असते. व्यवहारात काही ठिकाणी हा संकेत पाळला जात नाही, हे मी नाकारत नाही. म्हणूनच निदानाचे नाव असलेली कागदपत्रे आणि मर्यादांचे प्रमाणपत्र हे दोन स्वतंत्र कागद ठेवावेत.

आणखी तीन गोष्टी. एक, कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन या अपस्मारावरील नेहमीच्या औषधांनी आपल्या प्रकारातले झटके उलट वाढू शकतात. त्यामुळे निदानाचा नेमका प्रकार आणि चालू औषध लिहिलेली चिठ्ठी ओळखपत्राच्या मागे ठेवावी. दोन, या प्रकारातील काहींना लुकलुकत्या प्रकाशाचा त्रास होतो. ईईजीच्या अहवालात तसा उल्लेख आहे का ते विचारावे, आणि असल्यास प्रयोगशाळेतली फडफडणारी ट्यूब आधी बदलून घ्यावी. तीन, चिडचिड ही लेव्हेटिरॅसिटामची परिचित तक्रार आहे. ती सोसत बसू नये, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावी. मन फारच उदास होऊ लागले तर भेटीची वाट न पाहता लगेच कळवावे.

प्रतिसाद: कामगार कायद्याचे काम करणारी वकील

कायद्याचा आधार किती आहे, हे भाबडेपणा न ठेवता समजून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यांत अपस्मार स्वतंत्रपणे नाही. मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांचा गट आहे, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, परंतु औषधांनी आटोक्यात असलेल्या अपस्मारावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळेल असे गृहीत धरू नका. नोकरीत दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, ही जी तरतूद लोक सांगतात, ती कलम २० मधली असून सरकारी आस्थापनांपुरती आहे. मात्र समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन कलम २१ ने खासगी आस्थापनांवरही आहे. आपल्या कंपनीचे ते धोरण मागवून वाचा. औषध कंपन्यांची अशी धोरणे पुष्कळदा कायद्यापेक्षा उदार असतात, आणि आपल्याच धोरणातील वाक्य अर्जात उद्धृत केलेले पाहिले की मनुष्यबळ विभागाला नकार देणे अवघड जाते.

गाडीविषयी कोणी लिहिले नाही. बसथांब्यापर्यंत आपण दुचाकीने जात असाल तर ते थांबवावे. वाहन परवान्यासाठीच्या नमुना १ मध्ये अपस्मार आहे का, असा थेट प्रश्न असतो. आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यापासून सगळेच बिकट होते. आरोग्यविम्याच्या बाबतीत कंपनीचा गट विमा मोलाचा आहे, कारण वैयक्तिक पॉलिसी आता नव्याने घ्यायला गेलात तर अपस्मार वगळला जाण्याची शक्यता असते. नोकरी सोडण्याचा विचार मनात आला, तर हा मुद्दा आधी तपासा.

आईंना माझ्यातर्फे एवढे सांगा की हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा पूर्वी विवाहाच्या आड येत असे, तो उल्लेख १९९९ मध्ये संसदेने काढून टाकला. तरीही लग्न ठरणाऱ्या मुलाकडे आजार उघड करावा असेच मी सुचवीन. पण त्याचा निर्णय घरात घ्यायचा आहे, त्यासाठी कंपनीतली मागणी अडवून ठेवू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. कायम दुसऱ्या पाळीची कल्पना मला सुचलीच नव्हती. न्यूरॉलॉजिस्टकडून मर्यादांचे प्रमाणपत्र वेगळे घेऊन आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटेन. एक शंका उरते: पाळ्यांचा तक्ता सुपरवायझर सर बनवतात आणि तो महिनाअखेरीस लागतो. प्रमाणपत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मनुष्यबळ विभागामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर पुढचा तक्ता लागून जाईल. मधल्या काळात त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद: औद्योगिक आरोग्य क्षेत्रातील डॉक्टर

वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटल्याच्या दिवशीच सुपरवायझरना दोन ओळींचा ईमेल करावा: वैद्यकीय कारणास्तव पाळीविषयक मर्यादा सुचवण्यात आल्या असून त्यांचे पत्र वैद्यकीय विभागाकडे दिले आहे, अंतिम निर्णय होईपर्यंत मला दुसऱ्या पाळीत ठेवावे. आजाराचे नाव त्यात घालू नये. त्यांनी विचारलेच तर प्रत्यक्ष बोलताना किती सांगायचे हे आपले आपण ठरवा, पण ईमेल तक्ता लागण्यापूर्वीच्या तारखेचा असू द्या. तोवर पहिली पाळी वाट्याला आलीच, तर त्या आठवड्यात आम्लांचे काम सहकाऱ्याकडे देऊन नोंदींच्या पडताळणीचे काम मागून घ्या.