मदत हवी आहे: बग कळवला तर 'माहिती अपुरी' म्हणून परत आला, नीट कसा लिहायचा?

टिळकवाडी_डीटीपी:
हँडबिलात वर मराठी, खाली कन्नड असतं. एका फुकटच्या वर्ड प्रोसेसरमध्ये 'शेतकऱ्यांनी' हा शब्द स्क्रीनवर बरोबर दिसतो, पीडीएफ केली की 'शेतकर्यांनी' होतो. बग ट्रॅकरवर (प्रोग्राममधले बग, म्हणजे बिघाड, कळवायच्या साइटवर) 'मराठी फाँट नॉट कमिंग प्रॉपरली, अर्जंट' असं टाकलं. त्यावर 'नीडइन्फो'चा (माहिती हवी) शिक्का बसलाय. आता काय काय द्यायचं?

खानापूर_रोड:
पलीकडे वाचणाऱ्याला बहुधा देवनागरी येत नाही. त्याच्या लेखी दोन्ही शब्द सारखेच. म्हणून बरोबर आणि चुकीचं अशी दोन चित्रं शेजारी लावा, बिघडलेल्या अक्षराभोवती लाल गोल काढा.

त्याआधी मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड) आहे का बघा. अक्षरं निवडून साधा इंग्रजी फाँट लावा. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर तो जुन्या श्रीलिपी किंवा कन्नडच्या नुडीच्या पद्धतीचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या कोडवर आपली अक्षरं बसवलेला मजकूर. तो बग नव्हे, कळवू नका.

मग नवी कोरी फाईल घ्या, त्यात तेवढा एकच शब्द टाईप करा. अख्खं हँडबिल जोडू नका. ट्रॅकर सगळ्या जगाला दिसतो आणि हँडबिलावर गिऱ्हाइकाचा फोन नंबर असतो. एका शब्दातही बिघाड दिसला तर ती फाईल आणि तिची पीडीएफ, दोन्ही जोडा. नाही दिसला तर कारण मूळ फाईलमध्ये आहे. तिच्या प्रतीतून निम्मा निम्मा मजकूर उडवत जा, बिघाड दाखवणारा तेवढाच भाग उरेपर्यंत.

पीडीएफ दुसऱ्या प्रोग्राममध्येही उघडा, फायरफॉक्स चालेल. तिथे बरोबर दिसली तर दोष पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रामचा.

लिबरऑफिस असेल तर मदत मेनूतल्या 'लिबरऑफिसबद्दल' खिडकीत आवृत्तीची सगळी माहिती कॉपी करायचं बटण आहे, ती जशीच्या तशी चिकटवा. 'लेटेस्ट व्हर्जन' लिहून काही कळत नाही. त्याच मेनूतून सेफ मोडमध्ये (तुमच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून) सुरू करून पुन्हा करून बघा. फाँटचं नाव आणि त्याचीही आवृत्ती हवी.

निपाणी_नाका:
आणखी एक. हा 'ऱ्य' दोन प्रकारे टाईप होतो: नुक्त्याचा (खाली टिंबाचा) ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, जोडाक्षराचं रूप ठरवणारं चिन्ह), मग य. कुठला वापरलाय ते लिहाच. दिसायला सारखे, पण आतून वेगळे. कन्नडमध्ये 'रँक' लिहितानाही झेडडब्ल्यूजे लागतो, फक्त तो हलन्ताच्या आधी येतो, मराठीत नंतर. कॉपी-पेस्टमध्ये तो गळाला की मराठीत रफार चढतो, कन्नडमध्ये अर्कावत्तू (कन्नडचा रफार) लागतो. कन्नडमध्येही बिघाड असेल तर त्याचा रिपोर्ट वेगळा टाका, यात घुसडू नका.

टिळकवाडी_डीटीपी:
नुक्त्याचा ऱ आहे. नव्या फाईलमध्येही तेच होतंय. पण दुसरा फाँट लावला तर पीडीएफ बरोबर येते. म्हणजे फाँटवाल्यांना कळवायचं?

खानापूर_रोड:
लगेच नको. स्क्रीनवर तोच फाँट बरोबर दिसतोय, म्हणजे एक्स्पोर्टवर संशय राहतोच. त्याच फाँटने दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधून पीडीएफ काढा. तिथेही बिघडली तर फाँटवाल्यांकडे जा, नाहीतर ट्रॅकरवरच. नवा बग उघडू नका की, डुप्लिकेट म्हणून बंद करतील. जुन्यातच उत्तर द्या, शीर्षक बदला: 'पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये ऱ्य ऐवजी रफार येतो, फक्त अमुक फाँटमध्ये'. सोप्या इंग्रजीत लिहा, छोटी वाक्यं. 'अर्जंट' काढा.