ब विंगमधला निबंध : ग्रुपवर आलेले अभिप्राय

ब-२०४ : नमस्कार मंडळी. लेकीचा एसवाय बीएचा निबंध वर टाकलाय. विषय, गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ या कादंबरीतली सभ्यता (निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज शाळकरी मुलांची गोष्ट). १५०० शब्द, सोमवारी द्यायचाय. क-३०१ सर, ड-१०२ मॅडम, जरा बघता का? इथंच लिहा, ती वाचतीय.

अ-४०३ : ताई, वाचायला घेतलाय. स्पेलिंगच्या चुका लाल करून पाठवतो.

क-३०१ : दादा, लाल पेन आत्ता नको. निम्मे परिच्छेद बदलणार, त्यातली स्पेलिंग सुधारून काय करायचं? आधी मुद्दा, मग पुरावा, मग परिच्छेदांचा क्रम. भाषा शेवटी.

पहिलं, ‘मानव आदिम काळापासून समूहात राहतो’ ही सुरुवात उडव बाळा. ती कुठल्याही निबंधाला चिकटते.

दुसरं, तुझं मुख्य वाक्य आहे, ‘या कादंबरीत सभ्यता नष्ट होते.’ हे नाकारणारा कोणी सापडेल का? नाही ना? मग तो मुद्दा नव्हे, कथेचा सारांश झाला. पुढची चार पानंही म्हणूनच ‘मग असं झालं, मग तसं झालं’ करत गेलीत. कधी आणि कशानं मोडते, ते सांग.

तू सगळा भार शंख फुटण्यावर टाकलायस, म्हणजे मुलांची सभा ज्यानं बोलावतात आणि ज्याच्या हाती असेल तोच बोलतो, तो शंख. ते अकराव्या प्रकरणात. तोवर मोडायला उरलंय काय? पाचवं प्रकरण परत वाच. मुलांनी निवडलेला नायक राल्फ सभेत कामांचा हिशेब मांडतो : पहिली झोपडी सगळ्यांनी बांधली, दुसरी चौघांनी, तिसरी तो आणि सायमन दोघांनीच, म्हणून ती डुगडुगते. करवंट्यांत पाणी भरून ठेवायचं ठरलेलं, ते कोणी भरत नाही. शौचाची जागा नेमलेली, तिथं कोणी जात नाही. (आपली वार्षिक सभा आठवली असेल तर हसून घ्या.) कोणी कुणाला मारलेलं नाही, तरी व्यवस्था ढासळतीय. त्याच्याआधी, चौथ्या प्रकरणात, जॅकची शिकारी पोरं जहाजांना खूण म्हणून पेटवलेली आग सोडून डुकरामागं जातात, आग विझते आणि नेमकं तेव्हाच जहाज निघून जातं. ‘सभ्यता आधी कामचुकारपणानं मोडते, हिंसा नंतर येते’ असं म्हटलंस तर लोक वाद घालतील. घालू देत, त्यालाच मुद्दा म्हणतात.

ड-१०२ : सर, सहमत, पण अर्धंच. जॅकच्या टोळीतल्या रॉजरला विसरू नका. चौथ्याच प्रकरणात तो छोट्या हेन्रीच्या आजूबाजूला दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवून. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचा धाक अजून हातात आहे. अकराव्यात तोच रॉजर मोठा धोंडा ढकलतो, राल्फचा चष्मेवाला दोस्त पिगी मरतो, शंखाचा चुरा होतो. तिनं हे दोन प्रसंग दोन वेगळ्या पानांवर टाकलेत. एका परिच्छेदात आणायचे, दोन्हीकडून एकेक ओळ घ्यायची, आणि त्याखाली कोटपेक्षा स्वतःचं लिखाण जास्त हवं. आता सहा ओळींचा कोट आणि खाली ‘यावरून हे सिद्ध होते’. काय सिद्ध होतं, ते तिनं लिहिलेलंच नाही.

शेवट मात्र चुकलाय. ‘नौदलाचा अधिकारी येतो आणि सभ्यता परत येते.’ कुठली सभ्यता? तो युद्धनौकेवरून आलाय. पहिल्याच प्रकरणात पिगी अणुबॉम्बचं बोलतो. आणि जहाजाला दिसला तो धूर जॅकच्या टोळीनं राल्फला झाडीतून हुसकायला लावलेल्या आगीचा. हे ध्यानात घेतलं तर शेवटचं पान उलटं लिहावं लागेल.

ब-१०१ : मध्येच बोलतो. पोरं पिगीच्या चष्म्यानं आग पेटवतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे भिंग अंतर्गोल. त्यानं ऊन एका जागी गोळाच होत नाही, आग कशी पेटेल? लेखकाची चूक म्हणून लिहावं का तिनं?

क-३०१ : भिंगाचं बरोबर आहे साहेब, पण या निबंधात त्यानं काही हलत नाही. चष्म्याचं कामाचं दहाव्या प्रकरणात आहे. रात्री राल्फ-पिगीवर जॅकच्या टोळीची धाड पडते. पिगीला वाटतं शंख न्यायला आलेत. शंख जागेवर, चष्मा गायब. ज्याला आग हवी त्याला सभेची गरज उरलेली नाही. मॅडमनी सांगितलेल्या परिच्छेदाच्या आधी हे बसवायचं.

ब-२०४ : सर, ती विचारतीय, ‘रानटी’ शब्द चालेल का? बऱ्याच ठिकाणी आलाय.

ड-१०२ : पुस्तकातलं पात्र म्हणतं असं सांगितलं तर चालेल, स्वतःच्या तोंडी नको. दुसऱ्या प्रकरणात ‘आपण रानटी नाही, इंग्रज आहोत, नियम पाळायला हवेत’ असं बजावणारा जॅकच असतो. पुढं तोंड रंगवून टोळीचा नायक तोच होतो. ही जागा तिच्या निबंधातून सुटलीय, दुसऱ्या परिच्छेदात घे म्हणावं.

अ-४०३ दादा, अभिप्राय लिहिताना वाक्य बदलून देऊ नका, समासात प्रश्न टाका. ‘हे चुकीचं’ लिहिलं तर ती खोडेल आणि पुढं जाईल. ‘तिसरी झोपडी कोणी बांधली?’ लिहिलं तर पुस्तक उघडेल. आणि तीनच प्रश्न, जास्त नकोत. वीस खुणा दिसल्या की पोरं सोप्या तेवढ्या दुरुस्त करतात.

अ-४०३ : बरं, लाल पेन ठेवलं. स्पेलिंग रविवारी बघू का?

क-३०१ : रविवारी संध्याकाळी, नवा खर्डा आल्यावर. कोटांचे पान नंबरही तेव्हाच तपासा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, तिच्या हातातलीच प्रत मागून घ्या.