अ‍ॅनोरेक्सियात मेंदूचे व्यायाम : उपचार की वेळ दवडणं?

चांदणवेल
माझी धाकटी बहीण चार वर्षं वजन वाढण्याच्या धास्तीनं खाणं तोडायला लावणाऱ्या अ‍ॅनोरेक्सियाशी झुंजतेय. खाण्याचा विषय निघाला की समुपदेशकासमोर ती मिटून जायची. मग कॉग्निटिव्ह रेमिडिएशन थेरपी, म्हणजे मेंदूचे व्यायाम, सुरू झाली. आठ-दहाच सत्रं, आणि त्यांत ना जेवणाचं नाव, ना वजनाचं. एकाच चित्रात दडलेल्या दोन आकृत्या शोधायच्या, लांबलचक पत्राचं सार दोन ओळींत सांगायचं, आठवडाभर घड्याळ दुसऱ्या हातात बांधायचं. नियमाला चिकटलेलं, तपशिलात अडकलेलं मन जरा सैल व्हावं म्हणून. आता पुढचं सत्र कधी, हे ती स्वतःहून विचारते! प्रत्येक रुग्णाला हे सुरुवातीलाच मिळायला हवं.

निशिगंध_४
ती बोलती झाली, फार बरं वाटलं. पण ‘प्रत्येकाला, सुरुवातीलाच’ हे मला धोक्याचं वाटतं. हा ताठरपणा बराचसा उपासमारीतूनच येतो. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ साली एका प्रयोगात ३६ धडधाकट पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते पाककृती जमवू लागले, एकेका जेवणावर दोन-दोन तास घालवू लागले. आजार नव्हता, भूक होती. आधी पोटात अन्न जाऊ दे.

चांदणवेल
सगळंच भुकेवर ढकलता येत नाही. लंडनमधल्या केट चॅन्चुरिया आणि सहकाऱ्यांना २००५ साली रुग्णांच्या निरोगी बहिणींतही असाच ताठरपणा दिसला. ते वाचलं आणि माझ्याच सवयी डोळ्यांसमोर आल्या.

पाऊलवाट
मी या आजारातून गेलेय. हे व्यायामही केलेत. खरं सांगते, त्या कोड्यांतही मला पैकीच्या पैकी हवे असायचे! सत्र छान व्हायचं, ताट तसंच राहायचं. सावरले ते आई रोज समोर बसून जेवू घालायची त्यामुळे.

निशिगंध_४
अमेरिकेतली २०१३ची ४६ जणांची चाचणी हेच सांगते. आधी हे व्यायाम केलेल्यांपैकी पहिल्या दोन महिन्यांत उपचार सोडणारे कमी होते. शेवटी मात्र हे व्यायाम केलेले आणि न केलेले, दोन्ही गट सारखेच. चांदणवेल, विचारते म्हणून रागावू नका, बहिणीचं वजन वाढतंय का?

चांदणवेल
नाही, अजून नाही. घटायचं थांबलंय. रक्ततपासणी आणि नाडी दर आठवड्याला बघतात. ‘सुरुवातीलाच’ हा शब्द मागे घेते. पण आहाराच्या उपचारांबरोबर हे हवंच. ती टिकलीच नाही तर तुमचे बाकीचे उपचार कुणावर करणार?