मार्कडाउन फाइलच्या वरचा हेडर कधी पानावर छापला जातो, कधी एरर देतो, कधी काहीच बोलत नाही, मदत हवीय

वाचनवही:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय. मी वाचलेल्या पुस्तकांची टिपणं मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत) लिहिते आणि इलेव्हन्टी या टूलने त्यांची साइट बनवते. प्रत्येक फाइलच्या वर तीन डॅशच्या दोन ओळींमध्ये नेहमीचा यॅमल हेडर असतो, म्हणजे "नाव, कोलन, माहिती" अशा ओळी, टायटल, ऑथर, सारांश, डेट, टॅग्ज. यातली सारांश ही की, म्हणजे कोलनच्या आधीचं नाव, मी देवनागरीतच ठेवलीय, बाकीच्या इंग्रजी अक्षरांत. वर्षभर काही त्रास नव्हता. गेल्या आठवड्यात फोनवर लिहिलेली काही टिपणं या फोल्डरमध्ये टाकली आणि तीन फाइलींनी तीन वेगळे प्रकार सुरू केले.

पहिल्या फाइलचं पान बनतं पण वर एक आडवी रेघ येते आणि तिच्याखाली माझा सगळा हेडर, म्हणजे टायटल, ऑथर, तारीख, सगळं एकाच मोठ्या ठळक हेडिंगमध्ये सलग छापलेलं दिसतं. लेआउट पण लागत नाही.

दुसऱ्या फाइलवर बिल्डच, म्हणजे साइट तयार व्हायचं कामच, थांबतो. एरर असा, "कॅन नॉट रीड अ ब्लॉक मॅपिंग एन्ट्री, अ मल्टिलाइन की मे नॉट बी ॲन इम्प्लिसिट की", आणि ओळ ५ दाखवतो. ओळ ५ वर फक्त तारीख आहे, ती बाकीच्या फाइलींसारखीच आहे, मी ती पुसून परत टाइप केली तरी तेच.

तिसऱ्यात एरर नाही, पान थेट उघडलं तर व्यवस्थित दिसतं, पण "कादंबऱ्या" या टॅगच्या यादीत ते येतच नाही. टॅग नीट लिहिलाय, शेजारी शेजारी ठेवून दहादा बघितलं, अक्षर न् अक्षर सारखं आहे.

पहिल्या फाइलचा हेडर ऑनलाइन यॅमल व्हॅलिडेटरमध्ये पेस्ट केला तर तो म्हणतो सगळं बरोबर आहे. आता कुठे बघू?

रिकामी_ओळ:

पहिल्या फाइलचं सांगतो, कारण तुम्ही वर्णनच इतकं नेमकं केलंय की उत्तर त्यातच आहे. मार्कडाउनमध्ये ओळीवर नुसते तीन डॅश असले की आडवी रेघ होते, आणि मजकुराच्या लगेच खालच्या ओळीवर डॅश असले की वरचा मजकूर दुसऱ्या लेव्हलचं हेडिंग होतो. म्हणजे तुमचे वरचे तीन डॅश रेघ झाले, मधल्या ओळी एक परिच्छेद धरल्या गेल्या आणि खालच्या तीन डॅशनी त्या परिच्छेदाचं हेडिंग केलं. थोडक्यात टूलला तो हेडर आहे हेच कळलं नाही, यॅमल वाचायची वेळच आली नाही, त्यामुळे यॅमलमध्ये चूक शोधून उपयोग नाही.

हेडर ओळखायचा नियम फार कडक असतो. इलेव्हन्टी आतून ग्रे-मॅटर नावाची लायब्ररी वापरतं आणि तिला फाइलची सुरुवातच तीन डॅशने झालेली लागते, आधी एक रिकामी ओळ किंवा एक स्पेस जरी असली तरी ती हेडर मानत नाही. डॅश चार झाले तरी नाही. तुमच्या फाइलमध्ये बहुतेक सर्वात वर रिकामी ओळ आली असेल, फोनवरच्या नोट्समधून शेअर करताना असं होतं. व्हॅलिडेटरने पास केलं कारण तुम्ही त्याला फक्त हेडर दिलात, फाइल दिली नाहीत. ती रिकामी ओळ तुमच्या कॉपीत आलीच नसणार.

आणि फोनवर लिहिता तर स्मार्ट पंक्च्युएशन बंद करा, ते डॅश जोडून एक लांब डॅश करतं आणि सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतं. यॅमलला वाकडी अवतरणं ही अवतरणं वाटतच नाहीत, ती टायटलचाच भाग होऊन बसतात. लांब डॅश जर खालच्या ओळीत आला तर अजून वेगळंच होतं, हेडर कुठे संपतो ते सापडत नाही आणि ग्रे-मॅटर अख्खा लेख यॅमल म्हणून वाचायला जातं, मग एरर लेखाच्या मधल्याच कुठल्यातरी वाक्यावर येतो. असा एरर दिसला की आधी खालचे तीन डॅश बघायचे.

बोरू:

दुसऱ्या फाइलबद्दल. ओळ ५ सोडा, ओळ ४ बघा. यॅमलमध्ये की कुठे संपते हे कोलन आणि त्यानंतरच्या स्पेसवरून कळतं, एखाद्या ओळीत कोलन सापडलं नाही तर पार्सर, म्हणजे यॅमल वाचणारा प्रोग्रॅम, ती ओळ पुढच्या ओळीला जोडून वाचत जातो आणि तिथलं कोलन दिसल्यावर म्हणतो की ही की दोन ओळींवर पसरलीय, चालणार नाही. म्हणून एररमध्ये मल्टिलाइन की असं म्हटलंय आणि म्हणूनच नंबर पुढच्या ओळीचा येतो. तुम्ही सांगितलेल्या क्रमाने ओळ ४ वर सारांश आहे, आणि तीच एक की देवनागरीत आहे.

माझा अंदाज असा की तिथे कोलन नाहीच, विसर्ग आहे. मराठी कीबोर्ड चालू असताना "सारांश" लिहिलं आणि पुढची दोन टिंबं त्याच कीबोर्डवरून आली. दिसायला दोन्ही सारखी, बऱ्याच फॉन्टमध्ये तर फरक करताच येत नाही, पण विसर्ग हे देवनागरी चिन्ह आहे आणि यॅमलच्या लेखी ते एक साधं अक्षर. एक खूण सांगतो, कर्सर त्या टिंबांच्या उजवीकडे ठेवा आणि डावीकडचा बाण एकदाच दाबा. कर्सर टिंबांच्या आणि "श" च्या मधे थांबला तर कोलन, टिंबांसकट "श" ओलांडून एकदम मागे गेला तर विसर्ग, कारण विसर्ग आधीच्या अक्षराला चिकटलेला असतो. सगळ्याच एडिटरमध्ये हे असं चालत नाही पण बऱ्याच ठिकाणी चालतं.

खात्रीच करायची तर पायथॉनमध्ये युनिकोडडेटा म्हणून मॉड्यूल सोबतच येतं, त्याला एकेक अक्षर दिलं की ते नाव सांगतं. तिथे "कोलन" येतं की "देवनागरी साइन विसर्ग" येतं ते बघा.

वाचनवही:

दोघांचेही खूप आभार, खरंच. पहिल्या फाइलमध्ये सर्वात वर रिकामी ओळ होती, काढली, पान लगेच सरळ झालं. आणि दुसऱ्यात विसर्गच निघाला!! मी ती ओळ इतक्या वेळा वाचली असेल आणि तरी. कर्सरची युक्ती माझ्या एडिटरमध्ये चालली. आता बाकीच्या फाइली पण तपासल्या तर अजून एकीत विसर्ग होता, ती तशीच पडून होती, बिल्डमध्ये अजून घेतली नव्हती म्हणून कळलं नाही.

तिसरी अजून तशीच. टॅगच्या यादीच्या पानावर आता नीट बघितलं तर "कादंबऱ्या" दोनदा येतंय, एकाखाली सगळी जुनी टिपणं आणि दुसऱ्याखाली फक्त हे एक. यात तर कोलनचा संबंध नाही ना?

टिंब:

नाही, कोलनचा नाही, पण जातकुळी तीच. "ऱ्या" मधला जो अर्धा र आहे तो दोन रीतींनी टाइप होतो. एक म्हणजे टिंबवाला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, यू प्लस २००डी, आणि मग य. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच. काही कीबोर्ड पहिलं देतात काही दुसरं, तुमचा कॉम्प्युटर एक देतो आणि फोन दुसरं. इलेव्हन्टी टॅगच्या स्ट्रिंगवरून, म्हणजे आतल्या अक्षरांच्या नेमक्या क्रमावरून, कलेक्शन (त्या टॅगच्या पानांचा गट) बनवतं, स्ट्रिंग वेगळी म्हणजे कलेक्शन वेगळं, त्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही म्हणून एरर पण नाही.

हा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो. पहिल्या दोन्हींत निदान काहीतरी मोडलेलं दिसतं, इथे पान नुसतं हरवतं, आणि वाचणाऱ्याला ते कधी सापडतच नाही.

रिकामी_ओळ:

मग बिल्डमध्ये सगळे टॅग एनएफसीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात, नॉर्मलाइझ करून घेतले तर? जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगला नॉर्मलाइझ फंक्शन असतंच, एका ओळीचं काम आहे.

टिंब:

ते करा, त्याचा उपयोग आहे, पण हा प्रश्न त्याने सुटणार नाही. एनएफसीने होतं काय तर र आणि खाली वेगळा नुक्ता असं कुणी टाइप केलं असेल तर त्याचा अखंड ऱ होतो. जॉइनरला ते हात लावत नाही, जॉइनर असलेली आणि नसलेली स्ट्रिंग युनिकोडच्या नियमाने समान नाहीतच.

आणि कुणी म्हणेल की मग सगळे जॉइनर उडवून टाका, तर कृपा करून ते करू नका. र, हलन्त, जॉइनर, य यातला जॉइनर काढला की अर्ध्या र चा रफार होतो. "आचाऱ्याला" लिहिलेलं "आचार्याला" होऊन बसेल, स्वयंपाक्याचा गुरुजी! मराठीत हा फरक अर्थाचा आहे, निव्वळ दिसण्याचा नाही. बदल नेमका करायचा, म्हणजे जिथे जिथे र, हलन्त, जॉइनर हा तिघांचा क्रम सापडेल तिथे ऱ आणि हलन्त घालायचं, बाकीच्या जॉइनरना हात लावायचा नाही. त्यानंतर एनएफसी. मी हे टॅग, ऑथर आणि सिरीजच्या नावाला लावते, लेखाच्या मजकुराला नाही. मजकुरात शोध लागायला हवा असेल तर तिथेही लावता येईल, पण मग मूळ फाइल बदलायची की फक्त बिल्डमध्ये बदलायचं हे आधी ठरवा. मी मूळ फाइलच बदलते, नाहीतर एडिटरमध्ये शोधताना तोच घोळ परत.

बोरू:

टिंब यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. त्याच ओघात देवनागरी आकड्यांचं पण सांगून टाकतो, कारण फोनवर मराठी कीबोर्ड असताना तारीख लिहिली की आकडे पण देवनागरी येऊ शकतात. यॅमलला तारीख म्हणून फक्त इंग्रजी आकडे कळतात, देवनागरीत लिहिलेली तारीख साधी स्ट्रिंग होते, मग इलेव्हन्टी ती वाचायला जातं आणि तारीख इनव्हॅलिड म्हणून थांबतं. हे थांबतं तेच बरं.

टायटलला मात्र नेहमी अवतरणात टाकायची सवय लावून घ्या, पुस्तकांच्या नावांत काय काय येतं. नावात मधे कोलन आणि स्पेस आली की पार्सर अडतो. स्पेसनंतर हॅश आला की तिथून पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं आणि टायटल अर्धवट कापलं जातं, तेही न सांगता. टॅग्जच्या पुढे कुणी हॅश लावून टॅग लिहिला तर टॅग रिकामाच राहतो. आणि टायटलची सुरुवात अवतरणातल्या शब्दाने होत असेल, पहिला शब्द अवतरणात आणि पुढे वाक्य चालू, तर यॅमलला वाटतं व्हॅल्यू तिथेच संपली, मग पुढच्या शब्दांचं काय करायचं ते त्याला कळत नाही. अशा वेळी सबंध टायटल एकेरी अवतरणात घ्यायचं आणि आतली दुहेरी तशीच राहू द्यायची.

पुढेमागे दुसऱ्या टूलवर गेलात तर अजून एक. यॅमलचं १.१ व्हर्जन २००५ चं आणि १.२ हे २००९ चं, पण बरीच टूल्स अजून जुन्या नियमांनी वाचतात, पायथॉनची पायवायएएमएल त्यातलीच. तिथे इंग्रजीत नुसतं "नो" लिहिलं की त्याचं फॉल्स, म्हणजे "खोटं" ही व्हॅल्यू, होतं, नॉर्वेचा दोन अक्षरी कोड याच कारणाने गाजलाय. नुसतं १२:३० लिहिलं तर ते साठाच्या पटीतला आकडा समजून ७५० होतं. आवृत्ती १.१० लिहिली तर ती दशांश संख्या धरली जाते आणि १.१ उरते, हे तर नव्या व्हर्जनमध्ये पण होतं. अवतरणात टाकलं की हे काहीच होत नाही.

वाचनवही:

झालं! टिंब यांनी सांगितला तसाच बदल सगळ्या फाइलींच्या टॅगवर चालवला, "कादंबऱ्या" आता एकदाच येतंय आणि हरवलेलं टिपण यादीत आलं. शोधताना "सुधाऱ्या" असं एका अनुवादाच्या टिपणात माझं स्वतःचं चुकीचं लिहिलेलं पण सापडलं, ते वेगळं दुरुस्त केलं.

बोरू, टायटलचं वाचून जुन्या फाइली बघितल्या तर दोन टायटलं हॅशपाशी कापली गेलेली होती, वर्षभर तशीच छापली जात होती. दोन्ही अवतरणात घेतली.

आता एकच विचारायचंय. सारांश ही की मराठीत ठेवू की इंग्रजी अक्षरांत करू? मराठीत वाचायला छान वाटते म्हणून ठेवली होती.

रिकामी_ओळ:

चालते मराठीत, यॅमलला काही अडचण नाही. पण की लिहिताना कीबोर्ड मराठी असेल तर विसर्ग परत येणार, तेव्हा हेडर हाताने टाइपच करू नका, एक कोरा नमुना फाइलमध्ये ठेवा आणि नवीन टिपणाला तोच कॉपी करा, कोलन आधीपासून आत असेल. आणि तुम्ही इलेव्हन्टीच्या व्हर्जन ३ वर असाल तर त्यात डेटा स्कीमाची सोय आहे, तिथे लिहून ठेवता येतं की टायटल हवंच, सारांश हवाच, टॅग या ठरलेल्या यादीतलाच हवा, नसेल तर बिल्ड थांबव. तिसऱ्या फाइलसारखं गपचूप हरवणं मग होणार नाही.

वाचनवही:

व्हर्जन ३ वरच आहे. टॅगची यादी आजच लिहून काढते, एकोणीस आहेत.